सावली कुणाच्या वाट्याची

सोमवार, ३ मार्च १९२४

एफुआ चालताना दिसली म्हणतात. माझी बायको. डिसेंबरात पुरलेली. परवा संध्याकाळी ओकाईच्या वखारीतल्या सिनेमात, चादरीवर, चर्चच्या रस्त्यानं चालत आली आणि निघून गेली.

मी तिथं नव्हतो. सुतकात आहे. वर्ष होईपर्यंत जिथं ढोल वाजतो तिथं नवऱ्यानं जायचं नाही, आणि ओकाई सिनेमाच्या आधी दारात बँड वाजवतो. म्हणून घरात बसून मक्याची केंकी आणि मासा खात होतो. मासा खारट झाला म्हणून एकट्यानंच कुरकुरत होतो. त्याच वेळेला सगळं गाव माझी बायको बघत होतं!

सकाळपासून माणसं येतायत. कोणी म्हणतं, हसली. कोणी म्हणतं, रडत होती. शेजारचा सुतार म्हणाला, "एकोबाबा, तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. अंगावर काटा आला." तुझ्याकडे कशाला पाहील? तू तर तिला कधी आवडलाच नाहीस.

झालं ते असं. ऑक्टोबरात चर्चला पन्नास वर्षं झाली म्हणून मिरवणूक निघाली. ओकाईनं तीन पायांची पेटी उभी करून हँडल फिरवलं. ती फिल्म बोटीनं विलायतेला गेली, तिथं तिला काय धुतात-बिततात, आणि आता परत आली. मधल्या काळात एफुआ तापानं गेली. फिल्मला हे कोण सांगणार?

तिची थोरली बहीण अजोआअक्का बाकावर चढली, बोट दाखवून ओरडली - "ती बघा एफुआ!" मग चादरीपुढे जाऊन हात पसरून उभी राहिली आणि तिनं राजाची शपथ घातली. शपथ घातली की संपलं. राजासमोर निकाल लागेपर्यंत त्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही. ओकाईनं दिवा विझवला आणि लोक घरी आले.

म्हणजे सगळ्या गावानं बघितली. मीच नाही.

मंगळवार, ४ मार्च

अक्का आली. बरोबर त्यांच्या घराण्याचा कर्ता, एवुसीमामा, काठी टेकत. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर अक्का म्हणाली, "दाजी, कशाला आलोय ते सांगायला नको."

"नको," मी म्हणालो.

तरी सांगितलंच. "मेलेल्या माणसाला डोंगर चढायचा असतो. माझी बहीण अर्ध्या वाटेवर असेल. आणि हा अक्राचा ओकाई तिला मागं ओढतो, वखारीत चालायला लावतो. रोज संध्याकाळी ती इथं चालत बसली तर तिकडं पोचणार कधी?"

"मग काय करायचं म्हणता?"

"जाळायची ती फिल्म. राख समुद्रात."

मी म्हणालो, मी अजून बघितली नाही.

"बघायचीही नाही," मामा म्हणाला. "नवऱ्याचं काम शवपेटीचं. तुम्ही आणलीत. चांगली आणलीत, पितळी कड्यांची, आम्ही नावं ठेवली नाहीत. बाकी ती आमची. रक्त आमचं, हाडं आमची."

खरंच आहे ते. रीतच आहे. इतकी वर्षं माझ्या घरात नांदली, पण तिचं प्रेत तिच्या आईकडच्यांनी नेलं, त्यांच्या अंगणात ठेवलं, त्यांच्या माणसांत पुरलं. मग तिची वस्त्रं नेली, मणी नेले, टोपल्या नेल्या, उखळसुद्धा नेलं. चूल राहिली, कारण ती जमिनीला लिंपलेली आहे. मी कधी तोंड उघडलं नाही.

आज उघडलं. म्हणालो, "जाळू देणार नाही."

अक्का हसली. "देणारे तुम्ही कोण?"

उत्तरं ती गेल्यावर पुष्कळ सुचली.

गुरुवार, ६ मार्च

दाराची कडी लावली की नाही ते उठून उठून बघतो. कोणीतरी ओकाईची वखार पेटवली तर? ती फिल्म म्हणे विडीच्या ठिणगीनंही भडकते. आणि हे दिवस उन्हाळ्याचे. समुद्राकडून वारासुद्धा गरम येतो.

शनिवार, ८ मार्च

धीर करून ओकाईकडे गेलो. दिवसाउजेडी गेलो, मागच्या दारानं. ढोल वाजत नव्हता, म्हणजे रीत मोडली नाही. तरी मान वळवून वळवून बघत होतो, कोणी बघतंय का.

आधी ती ताडतेलाची वखार होती. मी ऐन उमेदीत तिथंच पिंपं बांधायचो. अजून तेलाचा वास येतो. आता बाकं मांडलीत, भिंतीवर चादर, आणि ओकाई एका कोपऱ्यात डोकं धरून बसलेला.

"या एकोबाबा. तुम्हीही शिव्या घालायला आलात?"

"नाही. बघायला आलो."

"बघणार काय, कपाळ? शपथ आहे." त्यानं डबा दाखवला. पत्र्याचा, चपटा, पसरट थाळीसारखा. वरून राजाच्या माणसांनी ताडाच्या दोरानं बांधून पांढरी माती थापलेली. "मी अक्राहून दिव्यासाठी इंजिन आणलं, बँड आणला. म्हटलं, गावाला गावच दाखवू, लोक खूश होतील. पहिल्या दिवशी रेल्वेगाडीची फिल्म लावली तर अर्धे लोक बाहेर पळाले. दुसऱ्या दिवशी ते अर्धे कोयते घेऊन चादरीमागं बघायला गेले, माणसं लपवलीत म्हणून. ते सगळं सोसलं. आता मला भूतवाला म्हणतात! मला केळी विकणारी बाई केळी खाली ठेवून बाजूला होते, हातात देत नाही."

विचारलं, "किती वेळ दिसते ती?"

"अर्धा मिनिट. तेवढाच तुकडा होता."

अर्धा मिनिट. आणि त्यासाठी राजाची शपथ.

म्हणालो, डबा हातात तरी दे. तो घाबरला, पण दिला. हलका निघाला. मला वाटलं होतं जड असेल. मांडीवर ठेवून बसलो जरा वेळ. ओकाई दुसरीकडे बघत राहिला. माणूस वाईट नाही.

रविवार, ९ मार्च

पाळकसाहेबांनी आज सिनेमावर प्रवचन केलं. अंधारात बायका आणि पुरुष एका बाकावर बसतात, वगैरे. प्रार्थना संपल्यावर मला बाजूला घेतलं. भूतबित काही नसतं म्हणाले, तो नुसता उजेड आहे.

"मग जाळू नये, हे तुम्ही एवुसीमामांना सांगा," मी म्हणालो.

"छे छे, जाळलेलाच बरा," ते म्हणाले. "सिनेमाच तो."

म्हणजे भूत असेल तरी जाळा, नसेल तरी जाळा! मी म्हणालो, पाळकसाहेब, तुमच्याच मिरवणुकीत ती चालत होती, तुमचंच भजन गात. त्यांना खोकला आला.

पुढच्या रविवारी मला मागच्या बाकावर बसवतील. बसवू देत. मागं वारा चांगला येतो.

बुधवार, १२ मार्च

अराबा आली. माझी लेक. शेंगदाण्याचं कालवण घेऊन आली. मीठ बेताचं होतं. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मागायला आलीय.

"बाबा, आईला जाऊ द्या."

"तुला मावशीनं पाठवलं."

"मावशीनं पाठवलं, आणि मी आलेही. दोन्ही खरं." मग म्हणाली, "मी त्या दिवशी तिथं होते. बाबा, मला नाही बघवलं. सगळी माणसं ओरडत होती, बोटं दाखवत होती, मला डोळे मिटून घ्यावे लागले. तुम्ही नव्हता म्हणून तुम्हाला हवंसं वाटतंय."

मी चिडलो. म्हणालो, "तू त्यांचीच. तुझं रक्त त्यांचं. तुम्ही सगळ्या एका घराण्याच्या आणि मी कोण? मी शवपेटीवाला!"

तिनं पाण्याचं भांडं उचललं, उलटं करून निथळवलं. "तुम्ही बाबा आहात," म्हणाली. "पण हे बोलणं बाबाचं नाही."

ती गेली. उरलेलं कालवण तसंच पडलं आहे. मी लेकीवर ओरडलो. ओरडायचं तिच्या मावशीवर होतं.

एक गोष्ट लिहून ठेवतो, इथं कोण वाचतंय. एफुआचा चेहरा मला नीट आठवत नाही. हात आठवतात, आवाज आठवतो, चिडली की जिभेनं आवाज काढायची तो आठवतो. चेहरा पाण्यातल्यासारखा हलतो. आमच्याकडे फोटोबिटो कधी काढला नाही. म्हणून मला अर्धा मिनिट पाहिजे. बाकी कशासाठी नाही.

शुक्रवार, १४ मार्च

सापडलं!

सकाळी लाकडं फोडताना सापडलं. अराबा लहान असताना फार आजारी पडली होती, काही केल्या उतार पडेना. तेव्हा एफुआ मला म्हणाली, "तिच्यावर ओरडू नका. तिच्या अंगावर तुमची सावली आहे, ती रागावली की पोर दुखण्याला येतं." मी पोरीजवळ बसून गोड बोललो. बरी झाली.

हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रक्त आईकडून, सावली बापाकडून. म्हणून घराणं आईचं लागतं आणि लढवय्यांचं दल बापाचं. बाप एक नंबरच्या दलात, तर लेकरंही एक नंबरची. बाप दोन नंबरचा, तर लेकरं दोनची.

आणि त्या डब्यात काय आहे? रक्त आहे का? हाड आहे? चादर चाचपून बघितली त्या कोयतेवाल्यांनी, काही लागलं नाही हाताला. त्या डब्यात नुसती सावली आहे. मग ती एवुसीमामाची कशी?

कुऱ्हाड तिथंच टाकून आत आलो आणि हे लिहिलं. तिसरीपर्यंतच शिकलो, पण डोकं काही शाळेत ठेवून आलो नव्हतो.

सोमवार, १७ मार्च

दोन दिवस घाबरण्यात गेले. आज गेलो.

एफुआचा बाप एक नंबरच्या दलाचा. मी दोन नंबरचा. ज्या वर्षी त्यांनी आमच्या चौकातून झेंडा नाचवत नेला त्या वर्षी डोकी फुटली होती. माझ्या भुवईवर अजून खूण आहे. त्यांच्या ठाण्यापुढे मी आजपर्यंत उभा राहिलो नव्हतो. दारात सिमेंटचा सिंह, त्याच्या शेपटीवर पोरांनी कपडे वाळत घातलेले.

त्यांचा कप्तान अकोन पायरीवर बसून जाळं विणत होता. मला बघून हाक मारली - "अरे, हे काय! दोन नंबरचा म्हातारा. वाट चुकलात का डोकं फिरलं?"

"काम आहे."

"तुमच्या दलात ऐकून घेणारं कोणी उरलं नाही वाटतं. सगळे बहिरे मासे झाले?" बाकीचे हसले.

मी उन्हातच उभा होतो. बस कोणी म्हणालं नाही. सगळं सांगितलं. रक्त कुणाचं, सावली कुणाची.

अकोनचं विणणं थांबलं. "थांबा. म्हणजे आमच्या दलाच्या लेकीची सावली एवुसी जाळणार?"

"जाळणारच. शपथ घातलीय."

"आम्हाला न विचारता?"

"तुम्हाला कशाला विचारतील? तुम्हाला कोण मोजतं?" हे मी मुद्दाम म्हणालो.

त्यानं जाळं खाली ठेवलं आणि मला बसायला पाट मागवला.

सोमवार, २४ मार्च

आज राजवाड्यात निकाल होता. सगळं गाव अंगणात. वर पत्र्यावर पोरं.

राजे, म्हणजे नाना, गादीवर, छत्रीखाली. ते कधी सरळ बोलत नाहीत, ऐकतही नाहीत. शेजारी सोन्याच्या मुठीची काठी घेतलेला माणूस असतो, त्याला सांगायचं, तो त्यांना सांगतो, मग त्यांचं म्हणणं तो आपल्याला सांगतो. खरं तर सगळं सगळ्यांना ऐकू येतं.

आधी अक्का बोलली. चांगली बोलली. डोंगराचं सांगितलं, बहिणीचे पाय दुखायचे ते सांगितलं. "जिवंतपणी तिला चढ चढवत नव्हता. आता ती अर्ध्यावरून परत फिरते, पुन्हा चढते, पुन्हा फिरते." बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले. ही काय रीत झाली, शत्रूचं बोलणं ऐकून रडू येतं!

मग काठीवाला म्हणाला, "एको पिंपवाले, तुमचं काय?"

मी उभा राहिलो. म्हणालो, "नानांना सांगा, मी त्यांच्याकडे तिची हाडं मागत नाही. रक्त मागत नाही. तिचं उखळसुद्धा परत मागत नाही. मामांनी डबा उघडून त्यातलं थेंबभर रक्त दाखवावं, मी स्वतः काडी ओढतो. नाही दाखवता आलं तर ती सावली आहे. आणि सावली कुणाकडून येते, हे नानांना मी काय सांगू?"

अंगणात गलका झाला. मामा म्हणाला, "हा म्हातारा पिंपात राहून राहून पोकळ झालाय." अकोन आपल्या माणसांसह उठला आणि म्हणाला, एक नंबरचं दल आपल्या लेकीची सावली मागतंय.

नाना बराच वेळ काठीवाल्याच्या कानाशी होते. मग निकाल आला. रक्त आईकडून, सावली बापाकडून, हे आजचं नाही. तेव्हा डबा बापाच्या दलाचा. दलानं आधी जमिनीवर दारू ओतून तिची परवानगी मागावी, झेंड्याच्या दिवशी एकदाच तिला सगळ्यांसमोर चालवावं, आणि मग डबा ठाण्यात ठेवावा. जाळायचा नाही.

जिंकलो! मी ओरडलो असेन. ओकाईनं डबा आणला, घामानं चिंब झाला होता बिचारा. मी हात पुढं केले.

अकोननं डबा घेतला. माझ्या हाताकडे बघितलं. "तुम्ही कोण, एकोबाबा? तुम्ही दोन नंबरचे."

मंगळवार, २५ मार्च

कालचं पुन्हा वाचलं. माझ्याच तोंडानं सिद्ध केलं मी. ती त्यांची नाही, हे सांगता सांगता माझीही नाही, हेही सांगून बसलो. सगळ्या अंगणासमोर.

बाजारात मासेवाली म्हणाली, "एकोबाबा, आमचा पण एक खटला आहे, तुम्ही आमच्या शत्रूकडून बोला ना."

गुरुवार, २७ मार्च

अराबा आली. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही छान बोललात." मग म्हणाली, "तुम्ही मला तरी आधी विचारायचं. मी सांगितलं असतं, असा वाद घातला तर तुम्हाला काय उरतं."

"तू सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का?"

"नाही," ती म्हणाली. भांडी घासून गेली.

गुरुवार, ३ एप्रिल

बाराला त्यांचा झेंड्याचा दिवस. ठाण्यापुढे चादर लावणार, ओकाईला इंजिनासकट बोलावलं आहे. सगळ्या गावाला आमंत्रण, फक्त दोन नंबरच्या दलाला सोडून. त्या दिवशी आमचा माणूस त्यांच्या गल्लीत शिरला तर तो अपमान धरतात. जुनी गोष्ट आहे.

आज आमच्या दलाचे दोघं म्हातारे घरी आले. माझ्याच वयाचे, एकत्र दगड खाल्लेले. म्हणाले, "एको, जायचा विचार असेल तर सोड. त्यांनी तुला मारलं तर आम्हाला उठावं लागेल. आणि नाही मारलं, पाट देऊन बसवलं, तर आमची मान खाली. दोन्हीत आमचंच मरण."

मी म्हणालो, "तुम्ही उठू नका आणि मान खालीही घालू नका. त्या दिवशी मी तुमचा नाही."

"दल असं उतरवून ठेवता येतं होय? टोपी आहे का ती?"

रागावून गेले. निम्मा जन्म ज्यांच्याबरोबर बसून ताडी प्यालो ते.

हिशेब मांडला. गेलो तर ढोलाजवळ गेलो म्हणून एफुआचं घराणं रागावणार. सिनेमा बघितला म्हणून चर्च रागावणार. शत्रूच्या गल्लीत गेलो म्हणून माझं दल रागावणार. शत्रू तर आधीच रागावलेला. गावात कोणी शिल्लक राहिलं नाही. बरं झालं. आता कोणाला विचारायचं नाही.

बुधवार, ९ एप्रिल

भीती वाटते ती वाटते. जायचं ते जायचं. दोन्ही एका माणसात राहू शकतात, जागा पुष्कळ आहे.

काय नेसावं? दलाचा निळा नको. पांढरं तर नकोच, ते सणाचं. सुतकाचं काळं नेसून जाईन. ज्याची बायको मेली त्याचं दल काय बघता?

शनिवार, १२ एप्रिल

जाऊन आलो.

दिवस मावळायच्या आधी निघालो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी तरण्या पोरांनी दोर धरला होता, ओल्या पानांचा. ढोल वाजत होते. मला बघून ढोल थांबले, तेच जास्त वाईट वाटलं.

"मागं फिरा, म्हातारबुवा."

"नाही."

"मागं फिरा. आज आम्ही कोणाचं वय बघत नाही."

"मीही नाही बघत," मी म्हणालो. "मारायचं तर लवकर मारा, चादर लावून झाली की मला जागा मिळणार नाही." कुठून आलं तोंडात, देव जाणे.

एकानं माझ्या छातीवर हात ठेवला. ढकललं नाही, नुसता ठेवला. तेवढ्यात मागून आवाज आला - "हात काढ रे, तुझ्या आजोबाच्या छातीवर ठेव!"

अजोआअक्का! त्यांच्या दलाचं लाल फडकं डोक्याला बांधून. मी बघतच राहिलो.

"बघताय काय, दाजी? माझा बाप कोण? एफुआचा बापच की. मीही एक नंबरची. राजवाड्यात मी हरले असं वाटलं तुम्हाला? घराण्याकडून हरले, दलाकडून जिंकले. तुम्हीच जिंकवलंत." मग पोरांना म्हणाली, "हा माझ्या बहिणीचा नवरा आहे. पेटी यानंच आणली, पितळी कड्यांची. दोर खाली करा."

दोर खाली झाला.

चालता चालता विचारलं, तुम्ही तर जाळायची म्हणत होता.

"अजूनही म्हणते," ती म्हणाली. "पण आज दारू ओतून तिला विचारलं. एकदा चालते म्हणाली. एकदाच, मग तिला सोडा." जरा थांबून म्हणाली, "त्या दिवशी मी बघितलीच नाही धड. बघितल्याबरोबर ओरडले. मलाही बघायचीय."

अकोननं मला बघितलं, तोंड वाकडं केलं, पण पाट दिला. अक्काच्या शेजारी. पुढच्या रांगेत.

पुढचं आज लिहवत नाही.

रविवार, १३ एप्रिल

अर्धा मिनिट. लोकांनी ओरडून ओकाईला पुन्हा लावायला लावली, म्हणून "एकदा" दोनदा झालं.

मिरवणुकीत सगळ्या बायका एकाच छापाच्या कापडात. पुढं छत्री धरून एक येते, मान खाली, डोक्याला एफुआ बांधायची तसंच फडकं. सगळं ठाणं ओरडलं - "एफुआ!" अक्कानं माझं मनगट घट्ट धरलं, "बघा दाजी, हसली, हसली." अक्का रडत होती.

ती छत्रीवाली एफुआ नाही. कुठल्यातरी दुसऱ्या गावची बाई आहे. मी "हो" म्हणालो.

एफुआ मागं आहे, अगदी कडेला, गटाराजवळ. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. एका पायावर उभी, चपलेतली वाळू झटकत. मी मिरवणुकीच्या दिवशी रस्त्याच्या ह्या बाजूला ओकाईच्या पेटीला लागूनच उभा होतो, "चल गं, किती उशीर," म्हणून कटकट करत. ती मान वर करते. चेहरा स्पष्ट. जिभेनं तोच आवाज काढलेला दिसतो. हात उचलून मला सांगते - थांबा हो, आले.